फाइल आली, पण ओव्या आल्या का?

मंडळी, गेले तीन शनिवार-रविवार माझे एका हार्ड डिस्कने खाल्ले. म्हणून म्हटलं, चौथा तिच्यावर लिहिण्यात घालवावा. निदान पैसे वसूल!

सुरुवात झाली एका शुक्रवारी रात्री. पीसीतून टक्... टक्... असा आवाज यायला लागला. आता कळंबोलीत राहणाऱ्या माणसाला आवाजाचं काही कौतुक नसतं. एका बाजूला स्टील मार्केट, दुसऱ्या बाजूला एक्स्प्रेसवेच्या तोंडाशी लागलेले ट्रेलर. रात्री दोन वाजता लोखंडी पट्ट्या उतरवल्याचा दणका झाला तरी आमच्या घरात कोणी कूससुद्धा बदलत नाही. पण त्या बारीकशा टकटकीने मी ताडकन उठून बसलो. ज्याने एकदा तरी डिस्क मरताना ऐकली आहे त्याला मी काय म्हणतोय ते कळेल.

प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवत असते, तिला स्मार्ट म्हणतात. ती उघडून पाहिली. वाचता न आलेले, 'बघू पुढे' म्हणून बाजूला ठेवलेले सेक्टर शुक्रवारी रात्री आठ. शनिवारी सकाळी चाळीस. हा आकडा वाढायला लागला की चर्चा करायची नसते, सामान बांधायचं असतं.

हा पीसी २०१६ चा. मी इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो तेव्हा पप्पांबरोबर लॅमिंग्टन रोडवर जाऊन एकेक पार्ट घेऊन जोडलेला. एक टीबीची फिरती डिस्क, तिच्यावर विंडोज १० आणि उबुंटू, असे दोन भाडेकरू. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि आमचा सहाव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. म्हणजे एक भाडेकरू तसाही म्हातारा झालेला. ठरवलं की नवीन एसएसडी आणायची, विंडोजला स्कॅनर आणि एक-दोन जुन्या सॉफ्टवेअरपुरता छोटा कोपरा द्यायचा, आणि बाकी सगळा संसार उबुंटूकडे न्यायचा.

मित्राला फोन केला. तो म्हणाला, "क्लोन मार रे. अर्ध्या तासाचं काम."

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच सुटतील. कॉपीचा पट्टा शंभर टक्क्यांवर गेला, म्हणून डेटा हलला असं होत नाही. ज्या माणसाचा तो डेटा आहे त्याने नवीन जागी तो उघडून, वाचून "हो, हेच ते" म्हटलं, की हलला. हे मला आधी माहीत होतं का? ऑफिसात होतं. घरी नव्हतं.

अर्ध्या तासाचं काम

आधी त्या क्लोनबद्दल. क्लोन म्हणजे डिस्कची पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत नक्कल. डबल बूटवाल्यांना ती आवडते, कारण आपली डिस्क म्हणजे एका घरातल्या चार खोल्या असतात. बूटची छोटी पार्टिशन, विंडोजची एनटीएफएस, डेटाचा 'डी', आणि लिनक्सची ईएक्सटी४. आत शिरताना दारात ग्रब बसलेला, "कोणाकडे जायचंय?" विचारत. हे सगळं पुन्हा हाताने मांडण्यापेक्षा उचलून नेलेलं बरं, असं वाटणं साहजिक आहे.

पण माझी नवीन डिस्क ९६० जीबीची होती. जुनी पूर्ण १००० ची. दुकानात दोन्ही 'एक टीबीच'. कंपन्या दशमान पद्धतीने मोजतात आणि विंडोज दोनच्या घातांकात, म्हणून जुनी डिस्क विंडोजमध्ये ९३१ दिसायची आणि नवीन ८९४ दिसली. मोठ्या घरातलं कपाट लहान घराच्या दारातून जाईना. पार्टिशन आखडून जमवता आलं असतं, पण मरायला टेकलेल्या डिस्कवर पार्टिशन आखडणं म्हणजे आयसीयूतल्या पेशंटला जिना चढायला लावणं.

खरं सांगायचं तर क्लोन झालं नाही ते बरंच झालं. क्लोन करून दोन्ही डिस्क एकाच मशीनमध्ये ठेवल्या तर दोन्हींवरच्या पार्टिशनचे ओळख-क्रमांक एकच असतात. लिनक्स त्या क्रमांकावरूनच कोणती खोली कुठे जोडायची ते ठरवतं. दोन जुळी भाऊ एकाच नावाने हजेरी देतात, आणि आपण आठवडाभर नवीन डिस्क समजून जुनीवरच काम करत राहतो. कॉलेजात असताना मी हे करून बसलोय. जुनी डिस्क काढली आणि आठवड्याचं सबमिशन तिच्याबरोबर गेलं. डिस्क अजून कपाटात होती म्हणून वाचलो.

तेव्हा या वेळी पद्धतशीर. नवीन डिस्कवर जीपीटी, आधी विंडोज, मग उबुंटू (उलट क्रमाने केलं की विंडोज दारातल्या ग्रबला बाजूला सारून स्वतः बसतं), आणि डेटा आरसिंकने नवीन ईएक्सटी४ पार्टिशनवर. त्याआधी जुन्या विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद केलं. ते चालू असलं की विंडोज शटडाउन होत नाही, अर्धवट झोपतं, आणि त्याची खोली लिनक्सला फक्त वाचायला मिळते. डेटा ५४० जीबी. गणिताने दीड तास, प्रत्यक्षात शनिवारची अख्खी रात्र. मध्ये एकदा लाइट गेली. यूपीएसने बारा मिनिटं काढली, लाइट तेराव्या मिनिटाला आली. आरसिंक थांबल्या जागेपासून पुढे चालू झालं. ज्याने कोणी ते लिहिलं त्याला शंभर नमस्कार.

'फायनल'ने केलेला घात

सकाळी बघतो तर एरर एकच. एक फाइल गेली नाही, 'नाव फार लांब आहे' म्हणून. ती पप्पांची निघाली. पप्पा आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. फाइलचं नाव होतं, 'संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त व थकबाकीदार सभासदांची अंतिम यादी दुरुस्तीसह फायनल'. पुढे टिंब आणि डॉकएक्स.

हसू नका. यात मराठी माणसाने लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये फाइलच्या नावाला २५५ अक्षरं चालतात. ईएक्सटी४ मध्ये २५५ बाइट. इंग्रजीवाल्यांना दोन्ही सारखंच, कारण त्यांचं एक अक्षर म्हणजे एक बाइट. पण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि पाय मोडायचा हलन्त, सगळे वेगवेगळे मोजायचे. म्हणजे लिनक्सवर मराठी नावाला फार तर ८५ चिन्हं मिळतात.

पप्पांच्या नावात देवनागरी चिन्हं ८३, म्हणजे २४९ बाइट. मधल्या जागा ११ आणि शेपटी ५. एकूण २६५. शेवटचा 'फायनल' आणि त्याच्या आधीची मोकळी जागा काढली तर २४९, आरामात बसतं! एका 'फायनल'ने घात केला. (ऑफिसातल्या 'फायनल_नवीन_२' वाल्यांनी धडा घ्यावा.)

ती फाइल नाव छोटं करून हाताने नेली. मग दोन्हीकडच्या सगळ्या फाइलींचे चेकसम काढले. एकूण एक जुळले. एकसुद्धा बाइट इकडचा तिकडे नाही. हुश्श! चहा केला, आणि मोठ्या रुबाबात हॉलमध्ये जाऊन म्हटलं, "पप्पा, सगळं आलं नवीन डिस्कवर."

पप्पा पेपर वाचत होते. वर न बघता म्हणाले, "आजीच्या ओव्या आल्या?"

"सगळं आलं म्हणजे त्याही आल्या असणार ना."

"असणार नको. उघडून दाखव."

उघडून दाखवलं

इथे थोडं मागे जायला हवं. पप्पा दिवसा स्टील मार्केटमधल्या एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात हिशेब बघायचे आणि संध्याकाळी घरी डीटीपी करायचे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, सार्वजनिक मंडळाची पावतीपुस्तकं. २००३ च्या उन्हाळ्यात आजी गावाहून दोन महिने राहायला आली होती. मी पाच वर्षांचा. दर रविवारी दुपारी ती जात्यावरच्या ओव्या म्हणायची (जातं नव्हतं, नुसताच पाट पुढे घेऊन बसायची, त्याशिवाय तिला पुढचं आठवायचं नाही) आणि पप्पा टाइप करायचे. २१२ ओव्या झाल्या. २०११ मध्ये आजी गेली. तिचा आवाज आमच्याकडे नाही. तेव्हा रेकॉर्ड करायचं कोणाला सुचलंच नाही. आहे ती एवढी एक फाइल.

ती फाइल तीन मशीनचा प्रवास करून आलेली. तुमच्याकडेही असा पत्ता असेल बघा. 'जुना पीसी', त्याच्या आत 'जुना डी', त्याच्या आत 'बॅकअप', त्याच्या आत 'बॅकअप नवीन', त्याच्या आत 'पप्पांचं'. तिथे ती सापडली. डबल क्लिक केलं. उघडली.

पडद्यावर रोमन अक्षरं, टोप्या घातलेले ए, उलटी प्रश्नचिन्हं, पौंडाची खूण, मध्येच एक टक्केवारी. बारा पानं.

आई मागे येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, "हे काय, खराब झाली का?"

खराब झाली नव्हती. चेकसम जुळला होता! २००३ साली पप्पांनी सेव्ह केलेला बाइट न् बाइट माझ्यासमोर होता. फक्त त्यात आजी नव्हती.

पप्पांनी चष्मा लावला, दोन सेकंद बघितलं आणि विचारलं, "फॉन्ट आणलास का?"

मी गप्प.

"अरे, प्रेसला फाइल देताना फॉन्ट बरोबर द्यायचा असतो. हे डीटीपीत पहिल्या दिवशी शिकवतात."

माझी इंजिनीअरिंगची पदवी त्या क्षणी भिंतीवरून माझ्याकडे बघत होती.

मुखवटा

ज्यांनी तो काळ बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण घरोघरच्या विंडोज ९८ वर ती नीट चालायची नाही. म्हणून आपल्याकडे श्री-लिपी, शिवाजी, कृतिदेव असल्या फॉन्टांचं राज्य होतं. त्या फाइलीत मराठी नसायचंच. संगणकाच्या दृष्टीने ती रोमन अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट हा त्यांच्यावर चढवलेला मुखवटा. मुखवटा चढवला की मराठी दिसायचं, काढला की खालचं भलतंच उघडं पडायचं. आणि प्रत्येक फॉन्टचा मुखवटा वेगळा, त्यामुळे एकाचा दुसऱ्याला चालत नाही.

पप्पांचा फॉन्ट होता जुन्या विंडोजच्या फॉन्टच्या फोल्डरमध्ये. विंडोज तर मी नव्याने टाकलं होतं. 'सिस्टम काय, परत टाकता येते, डेटा महत्त्वाचा' हे आम्हा लोकांचं ब्रीदवाक्य. फॉन्ट हा सिस्टमचा भाग, असं मी धरून चाललो होतो. आमच्या घरात तो डेटाचा भाग होता, आणि हे ठाऊक असलेल्या एकमेव माणसाला मी काही विचारलंच नव्हतं.

जुनी डिस्क परत लावली. 'सी' उघडायला पाच मिनिटं. फॉन्टची फाइल दिसली, कॉपीला लावली, आणि वाचताना चूक झाल्याचा मेसेज आला. परत लावली. टक्... टक्... टक्. तिसऱ्या वेळी बायोसमध्ये डिस्कच दिसेना. संपली.

त्या रविवारी मी जेवलो नाही, हे कौतुकाने सांगत नाहीये. ऑफिसात असली चूक झाली असती तर एक मेल, एक मीटिंग आणि 'शिकलेले धडे' नावाची एक स्लाइड. इथे मेल कोणाला टाकणार?

कराडची सीडी

वाचवलं ते २००५ च्या पुराने. विचित्र वाटेल, पण तसंच झालं.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस. कळंबोलीतही पाणी शिरलं, आणि आम्ही तळमजल्यावर. पप्पांनी आधी मला शेजाऱ्यांकडे वर पोचवलं, मग परत जाऊन सीपीयूचा डबा माळ्यावर ठेवला. मॉनिटर, प्रिंटर, कागदांचे रीम सगळं गेलं. डबा वाचला. पुढच्या महिन्यात पप्पांनी एक सीडी राइट केली आणि राखीला आलेल्या आत्याच्या पिशवीत घालून कराडला पाठवून दिली. "इथे पाणी आलं तर तिथे एक असू दे," एवढंच कारण.

आज आम्ही याला ऑफसाइट बॅकअप म्हणतो आणि त्याच्यावर ट्रेनिंग घेतो. तीन-दोन-एकचा नियम: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या गावी. पीटर क्रोग नावाच्या फोटोग्राफरने हा नियम लोकप्रिय केला. पप्पांनी त्याचं नावही ऐकलेलं नाही.

आत्याला फोन केला. सीडी देवघराच्या खालच्या खणात होती! आतेभावाने ती त्याच्या दुकानातल्या जुन्या पीसीत घातली. पहिल्यांदा वाचली नाही, पुसून घातली, दुसऱ्यांदा वाचली. आत एकच फोल्डर. फोल्डरमध्ये ओव्यांची फाइल आणि तिच्या शेजारी फॉन्ट. प्रेसला द्यायची पद्धत.

आता सांगा, आमच्या दोघांपैकी मायग्रेशन कोणाला जमतं?

वाचणारा लागतो

फॉन्ट मिळाला, ओव्या दिसल्या. पण मला आता त्या मुखवट्याच्या भरवशावर ठेवायच्या नव्हत्या. म्हणून तिसरा शनिवार-रविवार युनिकोडमध्ये आणण्यात गेला. वरवर काम सोपं: कोणत्या रोमन चिन्हाच्या जागी कोणतं मराठी, याचा तक्ता करायचा आणि बदलत जायचं. पण जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते आणि युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठवायची असते. रफाराचं बरोबर उलटं. 'ग', 'ण', 'श' यांचा दांडा वेगळा जोडलेला. जोडाक्षरांचं तर विचारूच नका. शंभरेक ओळींचा पायथन प्रोग्राम लिहिला. बहुतेक सगळं बरोबर आलं. पण जे चुकलं ते कुठे चुकलं हे प्रोग्रामला कळत नव्हतं आणि मलाही. 'माहेर', 'सासुरवाशीण' मला समजतं. पण आजीच्या बोलीतला एखादा शब्द चुकून तसा आलाय की तो तसाच आहे, हे मी कसं ठरवणार?

मग पप्पा बसले. एकेक ओवी मोठ्याने वाचायची, अडलं की आईला विचारायचं, तिलाही अडलं की कराडला फोन. तिसऱ्या फोननंतर आत्या म्हणाली, "आता ठेवूच नका फोन, स्पीकरवर टाका." आणि ती म्हणायलाच लागली. दोन ठिकाणी तिने पप्पांना थांबवलं. "दादा, तू तेव्हाच चुकीचं लिहिलंयस. आई असं म्हणायची नाही." पप्पांनी दुरुस्त केलं. म्हणजे बघा, २००३ पासून बरोबर जपलेल्या बाइटांमध्ये जी चूक होती ती वीस वर्षांनंतर, वाचताना सापडली. चेकसमने ती आणखी शंभर वर्षं जपली असती.

मला वाटतं आपण आयटीवाले इथेच चुकतो. साठवणं आपल्याला सुटलेलं गणित वाटतं, आणि वाचणं हा आपल्या खात्याचा विषय वाटत नाही. मित्राला सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "क्लाउडवर टाकायचं ना, कटकट संपली असती." नसती संपली. क्लाउडने तीच टोप्या घातलेली ए-अक्षरं तीन देशांत सुरक्षित ठेवली असती. दुसरा म्हणाला, "अख्ख्या जुन्या विंडोजची इमेज करून व्हर्च्युअल मशीनमध्ये ठेवायची." हे मात्र मला पटतं. ते आधी केलं असतं तर माझा एक रविवार वाचला असता. पण ती इमेज दहा वर्षांनी उघडणार कोण आणि कशाने, हा प्रश्न राहतोच.

पुण्याचं पेशवे दफ्तर बघा. कोट्यवधी कागद. बहुतेक मोडीत. कागद टिकले, शाई टिकली, रुमालही टिकले. पण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळांतून आणि कचेऱ्यांतून गेली आणि वाचणारे कमी होत गेले. रियासतकार गो. स. सरदेसाईंनी १९३० ते १९३४ या काळात त्यातले निवडक कागद ४५ खंडांमध्ये देवनागरीत छापून आणले, म्हणून ते आज तुम्हा-आम्हाला वाचता येतात. ते डेटा मायग्रेशनच होतं, आणि माणसांनी वाचून केलेलं. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती २०१४ मध्ये. आता अक्षरं आहेत, पण वाचणारे तयार करावे लागतायत.

आणि ओव्यांचंच घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त. त्या संग्रहाचा डेटाबेस बांधायला बर्नार्ड बेल हे संगणकवाले संशोधक त्यांच्याबरोबर होते. २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहावर त्या प्रसिद्ध होत आहेत, काही तर गाणाऱ्या बाईच्या नाव-गावासकट आणि आवाजासकट. तोंडातून कागदावर नि टेपवर, तिथून डेटाबेसमध्ये, तिथून तुमच्या मोबाइलवर. प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी बसून ऐकलंय, वाचलंय, ताडून बघितलंय. म्हणून त्या आल्या.

तर काय करायचं?

तुमच्याही घरी टकटक सुरू होईल कधीतरी. (एसएसडी तर टकटकही न करता जाते.) तेव्हा माझ्या तीन वीकेंडांचा सारांश असा:

१. डिस्कला हात लावण्याआधी घरातल्या प्रत्येकाला विचारा, "यातलं काय गेलं तर तुला वाईट वाटेल?" उत्तरं ऐकून चकित व्हाल. आईने सांगितलेली गोष्ट माझ्या यादीत नव्हतीच. तिच्या जुन्या मोबाइलमधून उतरवलेले कोणाचे तरी आठ व्हॉइस मेसेज.

२. डिस्क आजारी असेल तर आधी त्या वस्तू काढा, सगळ्यात शेवटी सिनेमे. मी क्रमवारीने घेत गेलो, त्यामुळे मरणाऱ्या डिस्कने आपली शेवटची ताकद माझ्या सिरियलींवर खर्च केली.

३. फाइलबरोबर ती उघडायला जे लागतं तेही न्या. फॉन्ट, जुन्या सॉफ्टवेअरचा सेटअप, पासवर्ड, बिटलॉकर असेल तर त्याची रिकव्हरी की.

४. मराठी नावं असतील आणि लिनक्सकडे जात असाल तर लांब नावं आधी शोधून छोटी करा.

५. प्रत्येक प्रकारची एक तरी फाइल नवीन जागी उघडा. तुम्ही नाही, ज्याची आहे त्याने. ऑफिसात याला यूएटी म्हणतात आणि सही झाल्याशिवाय जुना सर्व्हर बंद करत नाहीत. घरीही करू नका.

६. जुन्या फॉन्टातलं मराठी आजच युनिकोडमध्ये आणा. ज्यांनी ते टाइप केलं ती माणसं अजून आपल्या घरात आहेत, तोवर.

सहावा मुद्दा खरं तर पहिला हवा होता. डिस्क काय, ऑनलाइन मागवली की दोन दिवसांत येते. पप्पा एकसष्ट वर्षांचे आहेत, आत्या अडुसष्टची. आपल्या पिढीने ऑफिसात दुसऱ्यांचा किती टेराबाइट डेटा इकडून तिकडे नेला असेल याचा हिशेब नाही. त्यातले दोन रविवार आपल्या घरच्यांसाठी काढायला काय हरकत आहे?

असो. ओव्यांची आता एक प्रत नवीन डिस्कवर, एक पेन ड्राइव्हवर कराडला, आणि एक कागदावर छापून, बाइंडिंग करून आईच्या कपाटात. डबल बूट मजेत चालू आहे, ग्रब दारात बसलाय. काल रात्री पप्पांनी ती फाइल परत उघडली. मला वाटलं आणखी काही दुरुस्ती असेल. पण त्यांनी नुसतं नाव बदललं. 'आजीच्या ओव्या फायनल'.

म्हटलं, "पप्पा, फायनल नको."

"का? बसत नाही?"

बसतं की. ठेवलं तसंच.

चला, उद्या सोमवार. मानसरोवरहून सकाळची ठाणे लोकल पकडायची आहे, आणि ऑफिसात दुपारी मीटिंग. विषय: सर्व्हर मायग्रेशन :)